बिनकिडीची भेंडी

महाराजांनी दुसरा घास घेतला आणि पद्मावतीच्या जिवात जीव आला.

सत्तरीचे दिगंबर जैन मुनी महाराज चौक्यात, सोवळ्याच्या स्वयंपाकघरात, उभे होते. त्यांचा आहार दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत, पाणीही तेवढंच. अन्नात किडा, मुंगी, केस दिसला की अंतराय. ओंजळ सुटायची, आणि पुढचा घोट थेट दुसऱ्या दिवशी. त्यात काल त्यांचा उपवास होता.

या चातुर्मासात सांगलीत कुणाच्या घरी काय निघालं, ते पद्मावतीला तिथीसकट पाठ होतं. श्रेणिक शेटजींकडं पंचमीला केस. शेजारी नवमीला मुंगी. वकिलीणबाईंच्या दोडक्यात तर जिवंत अळी, आणि वर त्याच बाई सांगत सुटलेल्या की महाराजांची नजर फार बारीक. पद्मावतीच्या घरी मात्र तीनदा आहार झाला, तिन्ही वेळा निर्विघ्न. ती हे आपणहून सांगत नसे. कुणी विचारतंय का, याची वाट बघे.

एकेक भेंडी उभी चिरून उजेडात धरायची, अळी निघाली तर पानावर घेऊन परसात जिवंत सोडायची, ही तिची रीत. पावसाळ्यात शेरभर भेंडीत सात-आठ अळ्या ठरलेल्या. पण हरिपूरच्या भाजीवाल्या हरणाबाईचा माल धरल्यापासून एक नाही. आपल्या विळीखाली एवढासा जीवही येत नाही, याचं तिला भारी समाधान. म्हणूनच मघाशी दारात महाराजांना आहाराला बोलावताना ‘मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे’ हे ती शेजारणीपेक्षा चढ्या आवाजात म्हणाली होती.

तिसऱ्या घासासाठी तिनं भेंडी उचलली, तेवढ्यात मागच्या दारी पाटी उतरल्याचा आवाज आला. सून शालन पाळीमुळं बाहेरची होती, म्हणून परसात बसलेली. तिनं हळू आवाजात विचारलं, “हरणाबाई, तुमच्या भेंडीला कीड कशी लागत नाही हो?”

“लागंल कशी? आमचा किष्णात पलटणीतनं आला न्हवं, त्यानं डबा आणलाय. पांढरी पावडर. तिकडं सोल्जर उवांसाठनं अंगाला लावत्यात म्हणं. भेंडीवर भुरभुरली की माशी सुदिक बसत न्हाई.”

“धुतल्यावर जाते ना पण?”

“जायाला ती काय हळद हाय व्हय? दोन पाऊस झालं तरी हाय तशी. लय चिवट. आवं, मांजरानं डब्याचं टोपण चाटलं, तर थरथरा कापाय लागलं. सांजच्याला मेलं. म्या म्हटलं, किष्णाता, आता आपला माल एक नंबर!”

चौक्यात बाकी कुणाला काही ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते पद्मावतीला.

समोर ओंजळ तशीच पसरलेली. पलीकडून तिचे यजमान धन्यकुमार डोळ्यांनी खुणावत होते: वाढ की. भेंडी गुपचूप मागं सारून दोडका वाढला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. पण दोडका त्याच पाटीतला. काकडीही त्याच पाटीतली. वरणभातावर भागवता आलं असतं. मात्र भेंडीचे दोन घास पोटात गेले होते, आणि शुद्ध आहे असं ती स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती.

“महाराज,” ती म्हणाली. “आहार अशुद्ध आहे.”

ओंजळ सुटली. महाराज खाली बसले. थोड्या वेळानं मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू घेऊन निघाले. उंबरा ओलांडताना तेवढा त्यांनी आधाराला चौकटीवर हात टेकला.

“काय निघालं? केस?” धन्यकुमारांनी दबक्या आवाजात विचारलं.

“नाही.”

“अळी?”

“अळी नाही. काहीच नाही निघालं.”

धन्यकुमार ताटातली एकेक फोड उलटीपालटी करून बघू लागले. “मग अंतराय कशाचा, बाई? गावाला काय सांगू मी? काही निघालं नाही म्हणून म्हातारा माणूस उपाशी धाडला?”

पद्मावती मागच्या दारी आली. हरणाबाई पाटीशी उभी होती. आपल्या भेंडीवरून काहीतरी बिनसलंय, एवढं तिला कळलं होतं.

“आक्का, मालाला नाव ठिवू नगा,” ती म्हणाली. “आमच्या घरात समदी हीच खात्यात. सुनंला सातवा लागलाय, ती तर मीठ लावून कच्चीच खातीया. व्हय, आणि म्या बी! ह्ये बघा.”

तिनं पाटीतली एक भेंडी उचलली, पदराला पुसली आणि कचकन दाताखाली धरली.

“थुंक! हरणाबाई, थुंक आधी!”

पद्मावती सोवळ्यानिशी पायऱ्या उतरून धावली आणि तिनं हरणाबाईचं मनगट धरलं. शालन तोंडावर हात ठेवून उठून उभी राहिली.

हरणाबाईनं आधी मनगटाकडं बघितलं, मग पद्मावतीच्या तोंडाकडं. शांतपणे चावून संपवलं. गिळलं.

“लय कवळी हाय वं,” ती म्हणाली, आणि उरलेली अर्धी पद्मावतीपुढं धरली.