आरशाचं दार

"सुतार कशाला? मी मेलोय का?" असं म्हणत अप्पांनी कपाटाच्या दाराला हात घातला, तेव्हा सुताराला आणायला निघालेला मुलगा जिनाही उतरला नसेल. घरात उरली एकटी सून.

मुलगा-सून काल आल्यापासून घरात एकच वाद चालू होता. आजारातून उठलेल्या अप्पांनी या घरात एकट्यानं राहायचं, की मुलाकडे जायचं? त्यात सकाळी कपाटाचं सरकतं दार अडलं, अप्पांना ते तसूभर हलेना, आणि मुलाच्या हाती आयतं कोलीत मिळालं. "एक दार सरकत नाही तुमच्यानं, आणि म्हणे एकटा राहीन!" अप्पा तेव्हा गप्प बसले होते. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते अशांसाठीच.

"तो यायच्या आत दार चालायला हवं," ते म्हणाले. "पुढचं आधी काढायचं, मग मागचं अडलेलं. वरच्या खाचेत उचल, खालची चाकं पट्टीवरून सुटली की तळ आपल्याकडे ओढ."

पुढचं दार आरशाचं, भिंतीएवढं जड. ते दोघांनी कसंबसं उतरवून पलंगाला टेकवलं. मागचं हलकं होतं. त्याच्या चाकाला लोकरीचा धागा गुंडाळून घट्ट बसला होता, सगळं दुखणं तेवढंच. अप्पांनी डाव्या हातानं दार आवळून धरलं आणि उजव्यानं धागा उकलायला घेतला. नजर मात्र डाव्या हातावर रोखलेली.

रस्त्यावर गाडीचा ब्रेक करकचून लागला. अप्पांनी मान वळवली आणि डावा हात झोपेतल्या बाळाच्या मुठीसारखा अलगद उघडला. दार कलंडलं, सुनेनं ते पकडलं. अप्पांना काही पत्ताच नव्हता. त्यांनी पुन्हा हाताकडे पाहिलं, बोटं पुन्हा मिटली.

सून काय समजायचं ते समजली. या हातावर नजर आहे तोवरच पकड होती. आणि दार बसवायचं म्हणजे वरच्या खाचेकडे बघणं आलं.

मागचं दार तिनं स्टुलावर चढून जवळजवळ एकटीनंच बसवलं. आरशाच्या दाराजवळ येताच म्हणाली, "हे राहू द्या अप्पा. सुतार येतोच आहे."

"सुताराच्या हातून बसलं तर मग काय राहिलं? तू खाली धर. वरचं मी बघतो."

तिला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तिनं गुडघा टेकला, खालची कड धरली. दोघांनी दार उचललं. अप्पांनी मान वर करून खाच शोधायला सुरुवात केली.

एका बाजूनं दार एकदम जड झालं. आरशात खोली तिरकी झाली, खिडकी घसरली. सुनेनं खांदा पुढे घातला आणि सगळं ओझं मानेशी आलं. ओरडावं तर अप्पा दचकणार, आणि आरसा त्यांच्याच पायावर जाणार. तिनं ओठ दाबून धरले.

"बघ," वर बघतच अप्पा हसून म्हणाले, "धरलंय की नाही मी?"

त्यांचा डावा हात मांडीशी लोंबत होता.

"धरलंय, अप्पा." ती ओझ्याखालून म्हणाली. "जरा उजवीकडे घ्या. सांगा, बसतंय का?"

"बसलं!"

खट्‌कन आवाज झाला. तिनं तळ आत ढकलला आणि दार पट्टीवर आलं. अप्पांनी कौतुकानं खाली पाहिलं. स्वतःचा हात त्यांना दिसला. मग तिच्या खांद्यावर उठलेला लाल वळ दिसला. सुनेनं घाईघाईनं ओढणी सारखी केली.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

"सुतार संध्याकाळी येतो म्हणालाय," म्हणत मुलगा आत आला, आणि कपाट पाहून थबकला. त्यानं दार इकडून तिकडे नेलं, तिकडून इकडे आणलं. "हे कोणी केलं?"

"अप्पांनी," सून म्हणाली.

"आणि तू?"

"मी काय, बघत होते."

मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण सैलावला. बापाला त्याच्याच घरातून उचलून नेण्याची हौस त्याला तरी कुठे होती! "मग मिटलं," तो म्हणाला. "राहा इथेच. आम्ही येत-जात राहू." गाडीत विसरलेली पिशवी आणायला तो शीळ घालत खाली गेला.

अप्पा पलंगावर बसले होते. डाव्या हाताकडे बघत त्यांनी मूठ मिटली. समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा हाताकडे. मूठ उघडी होती.

"खोटं छान बोलतेस, पोरी," ते म्हणाले. "पण पुढच्या वेळी मी वर बघेन, तेव्हा तू असशील का इथे?"

सून त्यांच्याजवळ बसायला गेली, तर त्यांनी मान हलवून कपाटाकडे खूण केली.

"माझे शर्ट काढ. चांगले तेवढेच घे."

ती उठली. दार जराही आवाज न करता सरकलं.