अम्माला वर न्यायचंय

उद्याचाही बेत अम्मानं मोडला, तेव्हा सुनैनानं हातातलं हेल्मेट खाटेवर आपटलं.

“आता काय झालं?”

“गाय व्यायला टेकलीय. तिला टाकून मी आभाळात काय करू?”

गेल्या खेपेला गुडघा होता. त्याआधी चुलत्याकडची पूजा. दर वेळी सुनैनानं वाऱ्याचा अंदाज बघून सकाळ निवडायची, वर जायला जीप सांगायची, दोघांचं ग्लायडर राखून ठेवायचं आणि अम्मानं ऐनवेळी काहीतरी काढायचं.

सुनैना बीर गावातली पॅराग्लायडिंगची पायलट. दिल्लीची अनोळखी माणसं तिच्या भरवशावर गावावरच्या बिलिंगच्या उतारावरून हवेत पाय टाकत. मेंढ्या घेऊन डोंगरात जाण्याआधी बाबाही तिच्याबरोबर उडून आले होते. अम्मा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, आमच्या घरात आभाळात पहिली गेली ती माझी सुनैना. आणि स्वतःचा विषय निघाला की गोठ्यात निघून जायची. दिवाळीनंतर सुनैना नोकरीसाठी सिक्कीमला चालली होती. मग कधी जमणार होतं?

गाय व्याली, वासरू उभं राहिलं. सुनैनानं पुन्हा जीप सांगितली.

या वेळी अम्मा जीपमध्ये बसली. वर पोचल्यावर तिनं ओढणी कपाळावर ओढून घेतली आणि उडायला थांबलेल्या घोळक्यापासून लांब उभी राहिली. सुनैनानं ग्लायडरचे पट्टे पुढे केले. अम्मानं कुणी न सांगताच पाय त्यात घातले, मग घोळक्याकडे बघून कुणी ओळखीचं दिसल्यासारखी थबकली आणि एकदम म्हणाली, “राहू दे. परत जाऊ.”

सुनैनाचा धीर सुटला. “गाय नाही, गुडघा नाही. माझ्यावर तुझा विश्वास नाही, एवढं एकदा तोंडानं म्हण. मी पुन्हा विचारणार नाही.”

अम्मानं मान खाली घातली. तिचे डोळे भरून आले होते. सुनैना रागानं बकल सोडायला वाकली.

तेवढ्यात घोळक्यातून मेहरचंद आला. सुनैनाला उडायला शिकवणारा तोच. पाठीच्या दुखण्यामुळे दोन वर्षं तो इकडे फिरकला नव्हता. अम्मानं तोंड फिरवलं, तरी त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला.

“चाची, ओळखलं मी.” मग तो सुनैनाकडे वळला. “जरा सांभाळून उतरव हिला. तुला माझ्याकडे पाठवण्याआधी हिनं मला बजावलं होतं, ‘आधी मला वर ने, मी धड खाली आले तर पोरगी शिकायला देईन.’ आणि माझं उतरणं हिला पसंत पडेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर न्यायला लावलं.”