अस्वलाने नेलेली बंदूक

"कोणाला पटायचं नाही पोरी, पण आपली बंदूक अस्वलाने नेली! आधी चहा मागितला, वर साखर कमी म्हणून कुरकुरलं." म्हातारा इलायजा रंगात आला होता.

त्याची लेक डेल्फीन कालपासून मरणाचं बोलत होती, म्हणून त्यानेच बंदूक शेजाऱ्याकडे दिली होती. हडसन उपसागराकाठच्या त्या क्री आदिवासींच्या वस्तीला रस्ता नव्हता. मनाचा डॉक्टर यायचा तर विमानानेच, आणि कबूल केलेलं विमान बहुतेकदा यायचंच नाही.

"माझे बूटही नेले वाटतं त्याने?" डेल्फीन किंचित हसली.

"घालूनच गेलं! आता दुपारच्या विमानाने डॉक्टरीणबाई येतायत ना, त्यांनाच विचार. वरून दिसलं असेल त्यांना."

डेल्फीनचं हसू विरलं.

"अस्वलाचं पटलं मला, बाबा. विमानाचं मात्र खोटं सांगताय."