कॅमेऱ्याला टोपी

देठ यंदाही कापलेला होता.

ती गुडघ्यांवर बसली, पिशवीतून भिंग काढलं आणि नाक मातीला टेकेपर्यंत वाकली. जमिनीला चिकटून पसरलेली दोन गोल पानं शाबूत होती. मधून वर आलेला देठ मात्र कळ्यांसकट गायब होता. शेळीने ओरबाडला असता तर चोथा उरला असता, अळीने खाल्ला असता तर कडा कुरतडल्या असत्या. हा काप तिरका होता, स्वच्छ होता, एका दमात घेतलेला होता.

ती वनस्पतींच्या संग्रहालयात काम करायची. लोक माणसांना नावं ठेवतात. ही झाडांना ठेवायची आणि वर त्याचा पगार घ्यायची. पाण्याच्या टाकीमागच्या या उतारावर तिला हे रानातलं ऑर्किड सापडलं, तेव्हापासून तिची झोप उडाली होती. तिच्या हयातीत कुठेही नोंद न झालेली एक जात हीच असावी, असा तिला दाट संशय होता. संग्रहालयात त्या जातीचं वाळवलेलं रोप चिकटवलेला एक पिवळा पडलेला कागद होता, पण त्यावरच्या फुलाचा केव्हाच भुगा झाला होता. अशी पानं इतरही अनेक ऑर्किडांची असतात. खरं काय ते फूलच सांगणार. अख्ख्या उतारावर रोप एकच, आणि फूल उमलायच्या आत कुणीतरी हात साफ करून जायचं.

पहिल्या वर्षी तिने नशिबाला बोल लावला. दुसऱ्या वर्षी चडफडली. गेल्या वर्षी मात्र झुडपात कॅमेरा दडवला. आठवड्याने येऊन पाहते तर कॅमेऱ्याला करड्या कापडाची टोपी! बरोब्बर मापाची, कडा दुमडून शिवलेली, खाली इलॅस्टिक. कॅमेऱ्याने आठवडाभर इमानेइतबारे अंधार टिपला होता.

"शेळी असेल गं," आई फोनवर म्हणाली होती.

"शेळी टोपी शिवते का, आई?"

"हल्ली कुणाचं काय सांगावं."

आज ती उतारावरून तडक आईकडेच आली, न कळवता. आईचा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात गेला होता. नजर अधू झाली तरी मशीन सुटलं नव्हतं. "बस, चहा टाकते," म्हणत आई आत गेली. हिच्या कोटाचं बटण लोंबत होतं. सुईदोरा घ्यावा म्हणून ती मशीनच्या खोलीत शिरली आणि उजेडासाठी तिने पडदा सरकवला.

खिडकीत खोकल्याच्या औषधाची बाटली होती. बाटलीत पाणी आणि पाण्यात तो देठ, तिरका कापलेला. त्यावरच्या कळ्या उमलल्या होत्या.

चोर कोण, हे तिच्या नंतर लक्षात आलं. आधी तिने भिंग काढलं. हिरवट पांढरी फुलं, खालच्या पाकळीला बारीक झालर, मागे लांबलचक नळी. तीच होती. तीच!

आई चहा घेऊन दारातच थबकली.

"आई, तू?"

आईने कप मशीनवर ठेवले. "तुझ्या बाबांनी एका पाहुण्याला हौसेने दाखवलं होतं. तू रांगत होतीस तेव्हा. तेव्हा उतारभर होती ही फुलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर सगळा उतार खणून नेलेला. दगडाआडचं हे एक तेवढं वाचलं. त्यानंतर बाबा तिकडे फिरकलेच नाहीत. मी ठरवलं, आता हे कुणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही. फूल नाही, तर बघणार कोण?"

"अगं, पण मला तरी सांगायचंस!"

"तुझ्या पोटात काही राहतं का? बाबांवर गेलीयेस अगदी."

ते खरंच होतं. तिने बाटली आईसमोर धरली आणि फुलामागचा पिळलेला भाग दाखवला. "आई, बी इथे धरतं."

"बी कशाला? कंद आहे ना त्याला. दरवर्षी येतंच की वर."

"जुना कंद कुजतो, शेजारी नवा होतो. एकाच्या जागी एकच. दुसरं रोप हवं तर बीच पडायला हवं."

आई मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. तिने टेबलावरची छोटी कात्री उचलली आणि खणात टाकली. चहावर साय धरली तरी ती खणाकडेच बघत होती.

"त्या चोरांनी एक तरी शिल्लक ठेवलं होतं," ती शेवटी म्हणाली. "मी त्याचं दुसरं होऊ दिलं नाही."

पुढच्या वर्षी देठ कुणी कापला नाही. फुलं उमलली त्या सकाळी मायलेकी उतारावर बसल्या होत्या. परागांचा इवलासा गोळा सुईच्या टोकावर घेऊन तो फुलात नेमका टेकवायचा होता. लेकीचा हात दोनदा चुकला.

"आण इकडे," आई म्हणाली. "नजर गेली म्हणून काय झालं? हात अजून शाबूत आहे." तिने चष्म्यापुढे भिंग धरलं, श्वास रोखला आणि सुई अलगद टेकवली. गोळा जागेवर बसला.

वरच्या पायवाटेने एक तरुण धावत चालला होता. दोन बायका गवतात डोकं खुपसून बसलेल्या पाहून तो थांबला. "काही हरवलंय का, काकू?"

लेकीने पटकन ओढणी पसरून फूल झाकलं. आईने ती बाजूला सारली.

"हरवलं होतं," ती म्हणाली. "या, दाखवते."