चालून दाखव

श्रुतिका भांडुपच्या कबड्डी संघाची चढाईपटू होती. सामन्यात तिच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. फिजिओथेरपीला बाबा कामावर खाडा करून रिक्षाने न्यायचे. घरीही स्वतः समोर बसून गुडघा वाकवायला लावायचे. ती रडली की त्यांचेही डोळे भरायचे. “अजून थोडं, बाळा. पूर्ण बरं व्हायचंय ना?” त्यांच्याकडे बघून ती कळ सोसायची. आज फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, “झकास! गुडघा पूर्ण वाकला. आता धावायचा सराव सुरू करू.” श्रुतिकाला तिथेच उड्या माराव्याशा वाटल्या. “धावणं नको,” बाबा म्हणाले. “लंगडणं दिसत नाही ना, तेवढं पुरे. रविवारी हिला बघायला येतायत.” “आणि कबड्डी?” श्रुतिकाने विचारलं. “लग्नाआधी आणखी काही मोडून घ्यायचंय का? चल, मॅडमना नीट चालून दाखव.” श्रुतिका उठली आणि दोघांच्यादेखत मुद्दाम लंगडत, पाय ओढत दारापर्यंत गेली.