चुकीची की

उस्ताज बहगत यांच्या नव्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात सारखी ‘लायसन्स की टाका’ अशी बारीक ओळ यायची. शेवटी त्यांनी ती रीतसर विकत आणली. ती कॉम्प्युटरमध्ये भरून द्यायला वरच्या मजल्यावरच्या मादाम शहीरा खाली आल्या. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, आणि उस्ताजांसारख्याच एकट्या. उस्ताज चष्मा लावून कार्डावरचं एकेक अक्षर वाचायचे, मादाम टाइप करायच्या आणि पडदा म्हणायचा, ‘की चुकीची आहे.’

“वल्लाही, दुकानदारानं गंडवलंय तुम्हाला!”

“असू दे, उद्या परत बघू,” म्हणत उस्ताज कॉफी ठेवायला उठायचे.

आठवडाभर हेच चाललं. आज मात्र ते स्वयंपाकघरात असताना मादामनी कार्ड उचललं आणि स्वतःच वाचून की टाकली. पहिल्याच फटक्यात चालू!

उस्ताज कॉफी घेऊन दारात आले. चष्मा टेबलावरच होता. तिथूनच त्यांनी पडद्याचा कोपरा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. “गेली वाटतं ती ओळ?”

“एवढी बारीक ओळ गेलेली दिसली तुम्हाला? तिथून?”

उस्ताजांचे कान लालबुंद झाले. मादामनी सावकाश कॉफीचा घोट घेतला.

“आता प्रिंटर जोडायचा राहिला.”

“पण माझ्याकडे प्रिंटर कुठाय?”

“म्हणून तर उद्या मनशियाच्या बाजारात जायचंय,” मादाम म्हणाल्या. “आणि पहिल्याच दुकानात पसंत करायचा नाही, सांगून ठेवते.”