बाटलीभर पेट्रोल

‘टाकीत डोकावू नकोस, टिचकी मारून ऐक,’ असं बाबा सांगायचे. त्या विद्येवर मी रमच्या बाटलीभर पेट्रोलमध्ये बाराओनाचा डोंगर ओलांडून उतारूंना बसथांब्यावर पोचवतो. बारा वर्षांत मोटरसायकल कधी अडली नाही. आज शेजारची नेरेइदा कायमची राजधानीला निघाली. ओठांवर आलेलं ‘जाऊ नकोस’ गिळून मी तिला मागे बसवलं. मोटरसायकल चढावरच मेली. मी ती आडवी केली, हलवली, टाकीत फुंकर मारली. “म्हणे पेट्रोलच्या नुसत्या वासावर पळते! आता मुका घे तिचा,” नेरेइदा खिदळली. तेवढ्यात डोंगरापलीकडे बसचा भोंगा वाजून विरला. “बये, तुझी बस गेली, माझी अब्रू गेली!” तिनं बॅगेवर बसून आंबा सोलला. “टिचकी मारून तू कॉफी प्यायला गेलास, तेव्हा अर्धं पेट्रोल मीच काढलं. मला जायचंच नव्हतं रे, मेल्या. आणि तू तर वेळेवर पोचवायला निघालास!”